‘सिस्टर, हाच पहिला आला होता’ : व्हिडिओंचा क्रम लावणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
इंटरनेटवर व्हिडिओ शोधून देणाऱ्या आणि त्यांचा क्रम लावणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि भारतातले तक्रार निवारण अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. एकोणीस वर्षं झाली. गावात मला नावाने कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे सिस्टरच म्हणतात. रात्री-अपरात्री साप-विंचू चावलेला माणूस आला की दार मी उघडते आणि डॉक्टर क्वार्टरवरून येईपर्यंत पहिली सुई मीच लावते. तुमचा-माझा संबंध एका रात्रीपासून आला, म्हणून आधी ती रात्र सांगते.

गेल्या आषाढातली गोष्ट. लावणी चालू होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पहाटे साडेतीनला दारात मोटरसायकल थांबली. पुढे बाप, मागे चुलता आणि दोघांच्या मध्ये अकरा वर्षांचा मुलगा, मान टाकलेला. साडेबाराला पोटात दुखतंय म्हणून उठला होता. जमिनीवर झोपलेलं पोर पावसाळ्याच्या रात्री पोटात दुखतंय म्हणून उठलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव मण्यारीचं येतं. मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणसुद्धा नीट सापडत नाही. याच्या घरात कणगीमागे साप दिसला होता, म्हणून घरच्यांना तरी कळलं.

पोराच्या गुडघ्यावर नायलॉनची दोरी इतकी आवळलेली होती की कात्री घालायला जागा नव्हती. घोट्यापाशी ब्लेडने मारलेले चार काप, त्यावर कसल्याशा मुळीचा लेप. पापण्या मिटत चाललेल्या, जीभ जड झालेली. ए. एस. व्ही., म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सुरू केलं, १०८ बोलावली आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत डॉक्टर आणि मी आळीपाळीने अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत गेलो. पोरगं सहा दिवस व्हेंटिलेटरवर होतं. वाचलं. आता शाळेत जातं. पायावर दोरीचा काळा वळ आहे, तो जाणार नाही.

गाडीत बसण्याआधी मी बापाला विचारलं, “हे बांधायला, कापायला कोणी सांगितलं?” त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला आणि व्हिडिओ दाखवला. चौदा मिनिटांचा होता, बघणाऱ्यांचा आकडा लाखांत. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “सिस्टर, हाच पहिला आला होता.”

कोणत्या मंचावर, ते मी लिहीत नाही. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

त्या बापाला अडाणी म्हणू नका. भातावर करपा पडला तर कोणतं औषध मारायचं, हे तो फोनवर बघून शिकला. पाण्याची मोटर जळाली तर ती खोलून कॉइल तपासायलाही फोनवरच शिकला. प्रत्येक वेळी पहिला आलेला व्हिडिओ उघडला आणि बहुतेक वेळा काम झालं. पहिला म्हणजे खात्रीचा, हे त्याला तुम्हीच इतक्या वर्षांत शिकवलंत. त्या रात्री केंद्र चाळीस मिनिटांवर होतं आणि तो तीन तासांनी पोचला. मधला वेळ दोरी शोधण्यात, मुळी उगाळण्यात आणि चौदा मिनिटं दोनदा बघण्यात गेला.

आमच्याकडे पूर्वी साप चावला की भगताकडे नेत. ते कमी व्हायला आम्हाला पंधरा-वीस वर्षं लागली. आशाताई घरोघर फिरल्या, डॉक्टर भगतांच्या ओटीवर जाऊन बसले. आज आमच्या भागातला एक भगत स्वतः पेशंटला गाडीत घालून आणतो, आधी दवाखाना मग अंगारा, असं लोकांना सांगतो. त्याच्याशी बोलता आलं म्हणून हे झालं. तुमच्या यंत्राने पहिल्या जागी बसवलेल्या त्या चौदा मिनिटांबद्दल मी कोणाशी बोलू, याचं उत्तर मला वर्षभरात मिळालेलं नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आकडा सांगते, म्हणजे एका पोरासाठी लिहिलंय असं वाटायला नको. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक खेड्यांतली, आणि जवळपास निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांत केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये केला. आमच्याकडे औषध आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं. माणूस वेळेत दारात यायला हवा, एवढंच. आणि तो कधी येणार हे आता पुष्कळदा तुमच्या यादीतल्या पहिल्या नावावर ठरतं.

त्या घटनेनंतरच्या मासिक बैठकीत मी एक गोष्ट केली. चार आशाताईंचे चार फोन टेबलावर ठेवले आणि गावातली माणसं जे शब्द बोलतात तेच शब्द एकेक करून शोधले.

इथे तुम्हाला आमची भाषा थोडी सांगावी लागेल. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, असं आमच्याकडे जुनी माणसं मानतात. म्हणून ‘साप चावला’ असं म्हणत नाहीत. ‘जनावर चावलं’ म्हणतात, ‘पान लागलं’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. घाबरलेला माणूस फोनमध्ये हेच बोलणार. तर ‘पान लागलं’ला आम्हाला विड्याची पानं आणि पानाचे ठेले मिळाले. ‘जनावर चावलं’ला गाईगुरांचे दवाखाने. ‘विंचू चावला’ला एकामागून एक भारुडं. संत एकनाथांचं ते भारूड मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आजही जत्रेत कोणी म्हणायला लागलं की मी उभी राहते. पण त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे. आमच्याकडे येणारा विंचू लाल असतो. तो चावला की लहान मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आमच्याच जिल्ह्यात पेशंटच्या उशाशी रात्री काढून दाखवून दिलं की प्राझोसिन ही मूळची रक्तदाबाची गोळी या मुलांना वाचवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, जगाने घेतलं, २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. आमच्या चार फोनांवर ‘विंचू चावला’ असं शोधलं तेव्हा पहिल्या वीस व्हिडिओंत प्राझोसिनचं नाव एकदाही आलं नाही.

मग आमच्या डॉक्टरांनी स्वतः टाइप केलं, ‘सर्पदंश प्रथमोपचार’. चारही फोनांवर बरे व्हिडिओ आले. डॉक्टरांचे, वैद्यकीय महाविद्यालयांचे, सर्पमित्रांचे. दोरी बांधू नका, कापू नका, पाय हलवू नका, लवकर दवाखान्यात न्या, असं स्पष्ट सांगणारे. म्हणजे चांगला माल तुमच्या कोठारात आहे. पण तो पुस्तकी शब्द येणाऱ्यालाच मिळतो. डॉक्टरच्या शब्दाला डॉक्टरचा व्हिडिओ आणि शेतकऱ्याच्या शब्दाला मुळी. साप चावतो कुणाला? भाताच्या खाचरात वाकलेल्या बाईला, जमिनीवर झोपणाऱ्या पोराला. ज्याला गरज जास्त त्यालाच वाईट उत्तर, असा हा क्रम आहे, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

चारही फोनांवर क्रम वेगवेगळा होता, हेही लिहून ठेवते. एका आशाताईची सासू घरगुती औषधांचे व्हिडिओ बघते. तिच्या फोनवर ‘साप चावला’ला वरची पाचही उत्तरं जडीबुटीची आली. आधी काय बघितलं त्यावरून पुढे काय आवडेल ते ओळखायचं, ही तुमची पद्धत गाण्यांना ठीक असेल. विष उतरवायला आवडनिवड लागत नाही.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्याकडून आणि तुमच्यापैकी काहींनी स्वतः जाहीर केलेल्या माहितीवरून मी हा क्रम कसा लागतो ते समजून घेतलं. चुकत असेन तर दुरुस्त करा. यंत्राला व्हिडिओ माणसासारखा दिसत नाही. ते शीर्षक वाचतं, खालचं वर्णन वाचतं, बोलणं ऐकून त्याचे शब्द काढतं, चित्रातल्या वस्तू ओळखतं. त्यातून जुळणारे व्हिडिओ बाजूला काढतं आणि मग लोक त्यांच्याशी कसे वागले यावरून क्रम लावतं. कोणी उघडला, किती वेळ बघितला, मध्येच सोडला का. २०१२ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की शोधाच्या क्रमात यापुढे किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला वजन राहील. हेतू चांगला होता. भडक चित्र आणि खोटं शीर्षक लावणारे मागे पडावेत, हा. २०१६ मध्ये त्यांच्याच अभियंत्यांनी शिफारशींच्या पद्धतीवर एक निबंध छापला. लाखोंतून आधी काहीशे उमेदवार निवडायचे आणि मग माणूस त्यातला कोणता किती वेळ बघेल याचा अंदाज बांधून त्यांना ओळीने लावायचं, असं त्यात लिहिलं आहे. आज शोधाबद्दल ते म्हणतात की विषयाशी जुळणी, लोकांचा प्रतिसाद आणि दर्जा या तीन गोष्टी बघितल्या जातात. बाकीच्या मंचांवरही ‘बघितलेला वेळ’ हे नाणं चालतंच.

आता हे नाणं प्रथमोपचाराला लावून बघा.

त्या घटनेनंतर मी स्वतः एक व्हिडिओ केला. केंद्राच्या मागच्या पडवीत, आमच्या शिपायाच्या मुलाला पेशंट करून. एक मिनिट पन्नास सेकंदांचा. पहिल्या पस्तीस सेकंदांत सगळं सांगून टाकलं: घाबरू नका, चावलेल्या माणसाला चालवू नका, चावलेल्या हातापायाला फळी लावा आणि तो हलू देऊ नका, दोरी बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका, अंगठी-पैंजण काढा, १०८ लावा, गाडी आली नाही तर मिळेल त्या वाहनाने निघा. महिन्याने भाच्याने आकडे काढून दाखवले. किती जण बघत राहिले ते दाखवणारी रेघ चाळिसाव्या सेकंदाला खाली कोसळली होती. तो म्हणाला, “आत्या, लोक इथे सोडून जातायत, म्हणून यंत्र तुला खाली ढकलतंय. लांबव थोडा. महत्त्वाचं शेवटी सांग. सुरुवातीला काहीतरी उत्सुकता ठेव.”

मी त्या रेघेकडे बघत बसले. चाळिसाव्या सेकंदाला फोन खिशात टाकून कोणीतरी पेशंट उचलला असेल, यासाठीच तर मी तो केला होता. तुमच्या यंत्राने त्या माणसाचं निघून जाणं माझ्या नावावर अपयश म्हणून मांडलं. आणि ते चौदा मिनिटंवाले? मुळी कोणती, ती दहाव्या मिनिटाला सांगतात. तोवर माणूस जागचा हलत नाही. सापाचं विष अंगात चढत असताना बापाला चौदा मिनिटं खिळवून ठेवणारा व्हिडिओ तुमच्या हिशेबात उत्तम ठरतो. हा हिशेब लावणारी माणसं वाईट आहेत, असं मी म्हणत नाही. पण हा हिशेब इथे लावायचा नसतो, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

मी व्हिडिओ लांबवला नाही. लांबवणारही नाही.

भाषेबद्दल. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात, पण म्हणून त्या एक होत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. माझ्या व्हिडिओची भाषा तुमच्या यंत्राने आपोआप हिंदी ठरवली आणि माझ्या बोलण्याची अक्षरं खाली उमटवली. मी म्हणाले, “साप चावला तर”. खाली उमटलं, “साफ चावल तर”. मी म्हणाले, “फुरसं असेल तर”. खाली उमटलं, “फुरसत से असेल तर”. केंद्रात हे वाचून दोघी हसल्या, मला हसू आलं नाही. कारण हीच अक्षरं वाचून तुमचं यंत्र ठरवतं की माझा व्हिडिओ कशाबद्दल आहे. माझा व्हिडिओ तांदळाबद्दल आहे असं त्याला वाटलं, तर ‘साप चावला’ शोधणाऱ्या बापाला तो कसा दिसणार? भाषा मराठी लावली, अक्षरं हाताने दुरुस्त केली, तेव्हा कुठे तो काही फोनांवर दिसायला लागला. अशी दुरुस्ती करायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक उपकेंद्रातल्या सिस्टरला हे कसं जमायचं?

तीच गोष्ट बोलून शोधणाऱ्यांची. आमच्याकडे मोठी माणसं टाइप करत नाहीत, माइक दाबून बोलतात. बहुतेक फोनांवर माइकची भाषा हिंदी किंवा इंग्रजी लावलेली असते आणि ती बदलायची कुठे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. त्यातही आपल्या शब्दांना प्रत्यय लागतात. सापाने, सापाचं, सापाला, साप चावल्यावर, चावलाय, चावलाव. रायगडातला माणूस एक रूप बोलतो, गडचिरोलीतला दुसरं. यांतल्या एका रूपाला चांगलं उत्तर आणि दुसऱ्याला वाईट, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

जाहिरातीबद्दल फार लिहीत नाही. माझ्या व्हिडिओतून मला एक पैसा मिळत नाही, मागितलाही नाही. तरी तो सुरू होण्याआधी दोन जाहिराती लागतात आणि त्यातली एक पुढे ढकलता येत नाही. वाडीवर एकच काडी रेंज असते. त्या रेंजवर आधी साबण बघायचा आणि मग साप चावल्यावर काय करायचं ते बघायचं.

आता तक्रारीचं. त्या चौदा मिनिटांच्या व्हिडिओची तक्रार मी केली. अर्ज इंग्रजीत होता, भाच्याने भरून दिला. कारणांच्या यादीत ‘चुकीचा प्रथमोपचार’ असं कारणच नव्हतं, जवळचं दिसलं ते निवडलं. उत्तर इंग्रजीत आलं: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. व्हिडिओ कुणी बघितला, मराठी कळणाऱ्या माणसाने बघितला की यंत्राने, ते त्यात नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. डॉक्टरांच्या सहीचं पत्र जोडलं, त्या पोराच्या पायाचा फोटो त्याच्या बापाच्या संमतीने जोडला. तेच उत्तर, तीच वाक्यं. आपल्या देशाच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची असते. त्यावर दाद मागायला सरकारची अपील समितीही आहे. मी तिथेही जाईन. पण तेवढ्या दिवसांत लावणीच्या हंगामात आमच्या ओसरीवर किती माणसं येतात, याचा अंदाज तुम्ही घ्या. ‘नियमांचा भंग नाही’ असं म्हणून व्हिडिओ ठेवायचाच असेल, तर एक वेळ ठेवा. पण त्याला पहिल्या जागी बसवणं हा तर तुमचाच निर्णय आहे ना? तो कुणाच्या अभिव्यक्तीचा प्रश्न नाही. कोठारात काय आहे आणि दर्शनी फळीवर काय मांडलंय, यात फरक असतो, आणि मांडणी तुमची आहे.

तुम्ही काहीच करत नाही, असं म्हणणं खरं होणार नाही. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी शोधाच्या वर सरकारी आणि आरोग्य संघटनांची माहिती लावली, खोट्या औषधांचे व्हिडिओ मागे नेले. आम्हाला त्याचा उपयोग झाला, लसीकरणाच्या वेळी तर फारच. हृदयविकारासारख्या आजारांना काही ठिकाणी आजही डॉक्टरांचे व्हिडिओ वेगळ्या पट्टीत येतात. म्हणजे करता येतं. लोक किती वेळ बघतात ते बाजूला ठेवून, कोण सांगतंय ते बघून क्रम लावता येतो. शहरातल्या आजाराला लागलेला तो नियम खाचरातल्या आजारापर्यंत आलेला नाही.

युरोपात २०२२ साली डिजिटल सेवांचा कायदा झाला. त्याप्रमाणे मंचांना शिफारशींचा क्रम कशावर ठरतो ते साध्या भाषेत सांगावं लागतं. मोठ्या मंचांना, माणसाच्या सवयींवर न बेतलेला असा एक तरी पर्याय द्यावा लागतो आणि आपल्या यंत्रणेपासून सार्वजनिक आरोग्याला काय धोका आहे ते तपासावं लागतं. तिकडच्या माणसाला जे मिळतं ते वाडीवरच्या माणसाला मिळायला आपल्या संसदेने कायदा करेपर्यंत थांबायची गरज नाही. यंत्र तेच आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

साप, विंचू, कुत्रा चावणं, बुडणं, भाजणं, विजेचा धक्का, कीटकनाशक पोटात जाणं, घशात काही अडकणं. जिथे मिनिटं मोजायची असतात अशा या शोधांना ‘बघितलेला वेळ’ आणि ‘आधी काय बघितलं’ हे दोन्ही निकष लावू नका. या शोधांत पहिली जागा राखून ठेवा. तिथे डॉक्टरांनी तपासलेला, दोन मिनिटांच्या आतला, शोधणाऱ्याच्या भाषेतला व्हिडिओ लावा. तो एका काडीच्या रेंजवर सुरू व्हावा, त्याआधी जाहिरात नसावी, आणि व्हिडिओ उघडलाच नाही तरी ‘बांधू नका, कापू नका, १०८ लावा’ ही अक्षरं वर दिसावीत.

गावचे शब्द गोळा करा. पान लागणं, जनावर, लांबडं, कोकणातलं किरडू, आणि जे मला ठाऊक नाहीत ते विदर्भ-मराठवाड्यातले शब्द. आशाताई, परिचारिका, सर्पमित्र, तालुक्याचे डॉक्टर यांना बसवा आणि त्यांच्या कामाचा मोबदला द्या. महाराष्ट्रात हजारो आशाताई आहेत. एका महिन्यात असा शब्दसंग्रह तयार होईल की तुमच्या कोणत्याही यंत्राला तो स्वतःहून जमणार नाही.

मराठीला मराठी म्हणून ओळखा. शंका असेल तर व्हिडिओ टाकणाऱ्याला विचारा, परस्पर हिंदी लावू नका.

प्रथमोपचाराच्या तक्रारीसाठी वेगळं कारण द्या, अर्ज मराठीत द्या, मराठी कळणारा माणूस बसवा आणि उत्तर २४ तासांत द्या. निर्णय होईपर्यंत तो व्हिडिओ शोधात वर दाखवू नका. निर्णय काहीही असो, कारण लिहून द्या.

आणि प्रत्येक उत्तराखाली एक ओळ असू द्या, हा व्हिडिओ वर का आला याची. जास्त वेळ बघितला जातो म्हणून, की सांगणारा डॉक्टर आहे म्हणून. त्या रात्री तेवढी ओळ असती तर तो बाप ती वाचू शकला असता. त्याला वाचता येतं, सातवी झाला आहे.

उत्तराची तारीखही मीच सांगते. मृग निघाला की आमच्याकडे पेशंट यायला लागतात. मे महिन्यात आम्ही ए. एस. व्ही.च्या कुप्या मोजतो, मुदत संपलेल्या बाजूला काढतो, अम्बू बॅग फुगवून बघतो, व्हरांड्यातला दिवा बदलतो. त्या आठवड्यात मी ते चार फोन पुन्हा टेबलावर ठेवणार आहे आणि तेच शब्द तसेच शोधणार आहे. काय दिसलं ते इथेच लिहीन. तुमचं उत्तर त्याआधी यावं, आणि मराठीत यावं.

आपली,
एक परिचारिका
जिल्हा रायगड